धागा : निशाणी डाव्या हाताचा अंगठा

१/
फोन विकणारे सांगतात, बोट हीच आपली किल्ली. बँका सांगतात, बोटाइतके सुरक्षित दुसरे काही नाही. इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही दोन्ही विधाने खटकतात. बोटाचा ठसा किल्ली म्हणून जन्माला आलाच नव्हता. आचार्य अत्र्यांचा लखोबा लोखंडे भर न्यायालयात जे पालुपद आळवतो, ते 'तो मी नव्हेच' कोणाच्याही तोंडून निघू नये, यासाठी तो जन्मला. माझे म्हणणे आरंभीच मांडते : अंगठा ओळख पटवतो, संमती देत नाही. या दोहोंची गल्लत जिथे जिथे झाली, तिथे तिथे दुबळा माणूस भरडला गेला. तीच गल्लत आज आपल्या खिशात आहे.

२/
प्रारंभ आपल्याच दप्तरापासून करू. मराठेशाहीतल्या कागदांवर अक्षरशत्रू कुणबी आपल्या नावापुढे नांगर रेखाटे आणि कारकून शेजारी लिही : 'निशाणी नांगर'. पण हजारो कुणब्यांचा नांगर सारखाच. मग तो अमक्याचाच कशावरून? साक्षीवरून. महजराच्या वेळी पाटील, कुलकर्णी, बलुतेदार हजर असत. माणसाची ओळख त्याच्या कातडीत नव्हती, गावाच्या स्मरणात होती. ही व्यवस्था सोज्वळ होती असे मी म्हणत नाही. कोणाच्या साक्षीला वजन, हे जातीची उतरंड ठरवी. पण एवढे खरे की निशाणी एकट्याने, बंद दाराआड उमटत नसे.

३/
आता दरबारी कागद पाहा. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा असे आणि मजकूर संपताक्षणी खाली छोटा शिक्का, म्हणजे मोर्तब. त्या छोट्या शिक्क्यावरचा शब्दच मुळी 'मर्यादा'. अर्थ असा की मजकूर इथे संपला; याखाली कोणी काही घुसडले तर ते आमचे नव्हे. शिक्का हरवला तर तो रद्द ठरवून नवा कोरता येई. अधिकार बदलला की शिक्का बदले. शिक्कामोर्तबाचे हे दोन गुण लक्षात असू द्यावेत : त्याला मर्यादा होती, आणि तो बदलता येत होता. धाग्याच्या उत्तरार्धात त्यांच्याकडे परत येऊ.

४/
जुलै १८५८. बंगालमधील जंगीपूर. उठावाची धग पुरती विझलेली नव्हती. विल्यम हर्शेल हा तरुण इंग्रज अधिकारी राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराशी रस्त्याच्या सामानाचा करार करत होता. करार कोनाईने स्वहस्ते लिहिला होता. तरीही हर्शेलने त्याच्या उजव्या हाताच्या पंजाला शाई फासून कागदावर ठसा घेतला. का? पुढे १९१६ साली हर्शेलनेच आपल्या पुस्तिकेत लिहून ठेवले की, कोनाईने उद्या सही नाकारू नये म्हणून त्याला धाक घालणे, एवढाच त्याचा उद्देश होता. म्हणजे पहिला ठसा कोनाईच्या रक्षणासाठी नव्हता, कोनाईला बांधून घालण्यासाठी होता. एतद्देशीयांचा शब्द विश्वासार्ह नाही, सबब त्यांचे शरीर जामीन ठेवा, हा त्यामागचा विचार.

५/
१८७७ साली हुगळीत दंडाधिकारी असताना हर्शेलने हीच पद्धत तीन ठिकाणी लागू केली : निवृत्तिवेतनाच्या पावत्यांवर, दस्तनोंदणीत आणि तुरुंगात. पेन्शनर, शेतकरी आणि कैदी. तिघांकडे पाहण्याची सरकारची नजर एकच, ती संशयाची. १८९७ मध्ये कलकत्त्यात अंगुलिमुद्रांचे कार्यालय उभे राहिले. ठशांची वर्गवारी १,०२४ कप्प्यांत बसवण्याचे गणिती काम अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी फौजदारांनी केले. पद्धतीला नाव लागले ते त्यांचे वरिष्ठ एडवर्ड हेन्री यांचे. १८९९ साली पुराव्याच्या कायद्यात बोटांच्या ठशांना स्थान मिळाले. १९०१ मध्ये हेन्री लंडनला गेले आणि स्कॉटलंड यार्डात हीच पद्धत रुजली. प्रयोग आधी वसाहतीच्या रयतेवर झाला, मग तो साहेबाच्या घरी गेला.

६/
याच काळात आपल्या दख्खनमध्ये दुसराच प्रश्न पेटला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, आणि पुणे-नगर जिल्ह्यांत लोण पसरले. लुटीपेक्षा त्यांचे लक्ष कर्जरोख्यांवर होते. रोखे हाती आले की ते जाळायचे. ज्या सावकाराने मुकाट्याने कागद दिले, त्याला बहुधा हात लागला नाही. रोखे जाळणाऱ्यांपैकी कितीएकांची निशाणी त्यांवर खरीखुरीच होती. 'हे माझे नव्हे' अशी त्यांची तक्रार नव्हती. त्यांची तक्रार अशी की, निशाणी माझी आहे, पण वर काय लिहिले ते मला कोणी सांगितले नाही.

७/
त्यावर सरकारने १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आणला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातली एक तरतूद मला फार मोलाची वाटते : शेतकऱ्याचा दस्त ग्रामनिबंधकासमोर लिहिला जावा, तो मोठ्याने वाचून दाखवला जावा, आणि मगच सही वा निशाणी घ्यावी. सावकारांनी पळवाटा शोधल्या आणि कायदा पुष्कळ ठिकाणी कागदावरच राहिला, हेही सांगितले पाहिजे. पण तत्त्व पाहा. हर्शेल म्हणतो, ठसा पक्का करा म्हणजे नाकारता येणार नाही. दख्खनचा कायदा म्हणतो, आधी मजकूर, मग निशाणी. पहिला मार्ग ओळखीचा, दुसरा संमतीचा. दीडशे वर्षांत पहिला मार्ग यंत्रांनी झगमगला, दुसरा आपण विसरलो.

८/
ओळखीचा मार्ग एकटाच पुढे गेला की काय होते, याचे उत्तर महाराष्ट्राला बाहेर शोधावे लागत नाही. १८७१ चा 'गुन्हेगार जमाती' कायदा १९११ साली नव्याने आला आणि मुंबई इलाख्यालाही लागू झाला. नोंदलेल्या जमातीतील व्यक्तीच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकार त्याने दिला. गुन्हा घडलेला असण्याची गरज नव्हती. पारधी, कैकाडी, मांग-गारुडी घरात जन्मणे पुरेसे. सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती होत्या आणि हजेरी सक्तीची होती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती विमुक्त झाल्या. तो दिवस त्या आजही विमुक्तदिन म्हणून पाळतात. आज कार्यालयात अंगठा टेकवून आपण जी लावतो, तिलाही हजेरीच म्हणतात. शब्दांची स्मरणशक्ती माणसांपेक्षा चांगली असते.

९/
ट्रान्सवालची कथाही इथेच जोडली पाहिजे. तेथील हिंदी लोकांना दहा बोटांचे ठसे देऊन नोंदणी करण्याची सक्ती करणाऱ्या वटहुकमाविरुद्ध ११ सप्टेंबर १९०६ रोजी जोहान्सबर्गच्या एम्पायर थिएटरात सभा भरली. सत्याग्रहाचा उगम तिथला. गांधीजींची भूमिका बारकाईने पाहण्यासारखी आहे. १९०८ च्या जानेवारीत तडजोड होऊन नोंदणी ऐच्छिक ठरली, तेव्हा ते स्वतः ठसे द्यायला निघाले आणि त्यापायी स्वकीयाचाच मार खाल्ला. तडजोड मोडल्यावर १६ ऑगस्टला हमीदिया मशिदीच्या आवारात परवान्यांची होळी झाली. शाईचा विटाळ हा वाद नव्हताच. तेच बोट, तीच शाई. स्वेच्छेने दिले तर सौजन्य, सक्तीने घेतले तर अपमान.

१०/
स्वराज्य आले. ठशाचा प्रश्न सुटला का? ४ ऑगस्ट १९६१ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायमूर्तींनी निकाल दिला. खटल्याचे नाव ध्यानात ठेवावे : मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड. संविधानाचा अनुच्छेद २०(३) सांगतो की, आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती करता येत नाही. न्यायालयाने म्हटले, बोटांचे ठसे देणे म्हणजे साक्ष देणे नव्हे. साक्ष म्हणजे मनातली माहिती सांगणे. ठसा ही तुलनेसाठीची भौतिक वस्तू. १९६१ च्या जगात हे तर्कशुद्ध होते. तेव्हा ठशाने फक्त ठसा जुळत असे. त्याने माणसाचे कपाट, पत्रव्यवहार, तिजोरी आणि छायाचित्रांची पेटी एकाच वेळी उघडत नसे.

११/
आता २०१३ नंतरच्या जगात या. त्या वर्षीच्या आयफोन ५एस ने बोटाचा ठसा घराघरांत पोहोचवला आणि काही वर्षांतच स्वस्त अँड्रॉइड फोनांवरही तो आला. १९६१ चा तर्क इथे लावून पाहा. पिन ही मनातली माहिती, म्हणून ती सांगायला लावणे साक्षीच्या जवळ जाते. बोट ही भौतिक वस्तू, म्हणून ते टेकवायला लावणे कदाचित चालून जाईल. २०२१ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने पासवर्ड वा बोट देणे याला साक्ष मानण्यास नकार दिला. २०२२ साली दिल्लीच्या विशेष सीबीआय न्यायालयाने पासवर्डची सक्ती अमान्य केली, पण बोटाची मान्य केली. मते भिन्न आहेत, पण दोन्हीकडे बोट उघड्यावरच पडले. ज्या कुलपाला आपण अधिक भक्कम समजतो, ते कायद्याच्या दारात अधिक सैल आहे.

१२/
'पोलीस कशाला आपल्या वाटेला जातील?' असे म्हणणाऱ्यांसाठी. १९२० च्या कैद्यांच्या ओळखविषयक कायद्याची जागा २०२२ च्या नव्या कायद्याने घेतली. बोटे, तळवे, पाऊल, बुबुळ, दृष्टिपटल असा मापांचा विस्तार झाला आणि ही नोंद ७५ वर्षे जपून ठेवण्याची तरतूद झाली. पंचविशीतल्या मुलाची नोंद त्याच्या शंभरीपर्यंत. आणि बळजबरी फक्त खाकी वर्दीच करते असेही नाही. निजलेल्या माणसाचे बोट उचलून फोनवर टेकवणे घरातल्या कोणालाही जमते. निजलेल्याकडून पिन काढून घेता येत नाही. संशयी नवऱ्याच्या घरात राहणाऱ्या बाईला हा फरक समजावून सांगावा लागत नाही.

१३/
आता प्रतिपक्षाचे सर्वांत बळकट म्हणणे घेऊ. ते म्हणतात, फोनमधला ठसा फोनबाहेर जात नाही. हे खरे आहे. चांगल्या फोनांत ठशाचे चित्र नव्हे, तर त्यावरून काढलेला गणिती आराखडा वेगळ्या सुरक्षित कप्प्यात राहतो आणि जुळणी तिथेच होते. सरकारी कोठाराशी त्याची बरोबरी करणे अन्यायाचे ठरेल. दुसरे म्हणणे : विरार लोकलच्या गर्दीत पाचजणांच्या डोळ्यांदेखत पिन दाबण्यापेक्षा बोट बरे. हेही खरे. तिसरे : पूर्वी जे लोक फोनला कुलूपच लावत नसत, ते आता निदान बोटाचे लावतात. तिन्ही मुद्दे मान्य करूनही माझा आक्षेप शिल्लक राहतो.

१४/
कारण किल्लीचे काम फक्त कुलूप उघडणे नसते. किल्ली लपवता यावी लागते, नाकारता यावी लागते आणि चोरीला गेली तर बदलता यावी लागते. बोट या तिन्ही कसोट्यांना उतरत नाही. लपवणे? आपण दिवसभर चहाच्या पेल्यावर, दाराच्या मुठीवर, खुद्द फोनच्या काचेवर ठसे सोडत फिरतो. कुलपाच्याच अंगावर किल्लीचा साचा! आयफोन ५एस बाजारात आल्यावर काही दिवसांतच जर्मनीच्या केऑस कॉम्प्युटर क्लबने काचेवरच्या ठशाचे छायाचित्र घेऊन बनावट बोट तयार केले आणि फोन उघडून दाखवला. २०१४ मध्ये त्याच मंडळींपैकी एकाने जर्मनीच्या संरक्षणमंत्र्यांचा ठसा केवळ छायाचित्रांवरून उभा केला. २०१९ मध्ये सॅमसंगच्या गॅलॅक्सी एस१० वर विशिष्ट आवरण चढवले की परक्याच्या बोटानेही तो उघडत होता. कंपनीला दुरुस्ती पाठवावी लागली.

१५/
बदलणे? २०१५ साली अमेरिकन सरकारच्या कर्मचारी कार्यालयातून ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसे चोरीस गेल्याचे उघड झाले. त्या ५६ लाखांनी काय करावे? शिक्का हरवला तर नवा कोरता येई, पिन फुटला तर बदलता येतो. बोटे दहाच, आणि त्यांचा पुनर्जन्म नाही. आपल्याकडचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरील दस्तांवरचे अंगठे उतरवून त्यांचे रबरी ठसे बनवले आणि त्यांवर हजारो सिमकार्डे चालू केली. 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा'! ज्या निशाणीने जमिनीचा व्यवहार पक्का झाला, तीच निशाणी चोराची किल्ली ठरली. हर्शेलने १८७७ साली दस्तावर आणलेला ठसा असा फोनपर्यंत येऊन पोहोचला.

१६/
आणि मर्यादा? मोर्तबाखाली कागद संपत असे. फोनवरच्या अंगठ्याखाली काहीच संपत नाही. एका स्पर्शात बँक, आईचे वैद्यकीय अहवाल, मैत्रिणींची पत्रे, कामाची कागदपत्रे सगळे खुले. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयच्या व्यवहारातही पिनऐवजी फोनवरचे बोट वा चेहरा वापरण्याची मुभा मिळाली. मुभा आहे, सक्ती नाही, हे नमूद करते. पण मुभेची सवय होते, सवयीचा नियम होतो, आणि नियम झाला की पिन मागणारा माणूस विक्षिप्त ठरतो. चार आकडे दाबायला लागणारे ते दोन क्षण म्हणजे आपल्याला मिळालेला ग्रामनिबंधक होता. रक्कम किती, कोणाला, कशासाठी, हे वाचायला त्या दोन क्षणांत वाव मिळे.

१७/
व्यवहारातली अडचण तर आमच्या मीरा-भाईंदरला वेगळी सांगायला नको. भाईंदरच्या औद्योगिक गाळ्यांत स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करणारे हात, उत्तनच्या किनाऱ्यावर मासळी साफ करणारे आणि बोंबील सुकवणारे कोळी बायकांचे हात, खाडीकाठच्या मिठागरांत राबून म्हातारे झालेले हात : यांच्या बोटांवरच्या रेषा कामाने झिजतात. पावसाळ्यात चार महिने ओले बोट कोणत्याच यंत्राला धड ओळखू येत नाही. वयाने त्वचा कोरडी पडते, रेषा पुसट होतात. एखाद्याची बोटे यंत्राला सहज वाचता येतात, याचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की त्याने हाताने फारसे काम केलेले नाही. हे यंत्र कष्टकऱ्याला 'तू तू नव्हेस' असे सांगते, आणि यावर अपील कोणाकडे करायचे?

१८/
इथे फोन आणि शिधावाटप दुकान यांतला फरक निर्णायक आहे. फोनने बोट नाकारले तर तो नम्रपणे पिन मागतो. ई-पॉस यंत्राने बोट नाकारले तर त्या बाईला पुन्हा रांगेत यावे लागते, रोजंदारी बुडवून. देशातले पहिले आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी, एका आदिवासी महिलेला दिले गेले. ओळख नसलेल्याला ओळख मिळावी हा हेतू उदात्त होता, तो मी नाकारत नाही. पण फोनवाल्या मध्यमवर्गाला दुसरा दरवाजा आणि धान्यवाल्या गरिबाला एकच दरवाजा, ही विषमता अंगठ्याची नाही. ती आपण रचलेल्या व्यवस्थेची आहे. आपल्या फोनवर अंगठा सोयीचा वाटतो, तेव्हा तो चुकला तर आपले काही बिघडत नाही, हे आपल्याला आठवतसुद्धा नाही.

१९/
'लपवण्यासारखे काही नसेल तर भीती कसली?' हा प्रश्न मला दर वेळी विचारला जातो. सुप्याच्या शेतकऱ्याकडे लपवण्यासारखे काय होते? सोलापूरच्या कुंपणाआडच्या आईने कोणता गुन्हा लपवला होता? खाजगीपण हे गुन्हा झाकण्याचे पांघरूण नसून माणसाला 'नाही' म्हणता येण्याची जागा आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने ती जागा मूलभूत अधिकार म्हणून मान्य केली. २०१८ च्या आधार निकालाने खाजगी कंपन्यांना आधारपडताळणीची मुभा देणारे कलम ५७ त्या रूपात टिकू दिले नाही. तत्त्व न्यायालयाने दिले आहे. ते आपल्या बोटापर्यंत पोहोचायचे बाकी आहे.

२०/
मग काय करावे? अंगठा बंद करा, असा माझा आग्रह नाही. तो दाराची कडी म्हणून वापरावा, तिजोरीची किल्ली म्हणून नव्हे. पिन चार नव्हे, निदान सहा आकडी ठेवावा : दहा हजार शक्यतांच्या दहा लाख होतात. बँकेच्या आणि पैशांच्या ॲपना पिनच ठेवावा. फोन बंद करून चालू केला की पहिल्यांदा तो बोट न स्वीकारता पिनच मागतो. गर्दीत, मोर्चात, तपासणीच्या ठिकाणी जाण्याआधी एवढे करावे. पुष्कळ अँड्रॉइड फोनांत 'लॉकडाउन' हा पर्याय असतो. आयफोनवर बाजूचे आणि आवाजाचे बटण एकत्र दाबून धरले की पिन टाकेपर्यंत बोट निकामी होते. घरातल्या ज्येष्ठांना हे शेजारी बसून दाखवावे. 'तुम्हाला नाही जमायचे' असे म्हणून त्यांचा अंगठा आपणच नोंदवून टाकू नये. ती त्यांची संमती नसते.

२१/
पण वैयक्तिक खबरदारी हे राजकीय प्रश्नाचे उत्तर नव्हे. म्हणून तीन मागण्या. पहिली : फोन उघडण्यासाठी टेकवलेले बोट हे कायद्याने पासवर्ड सांगण्याइतकेच मानावे, १९६१ चा तर्क २०१३ नंतरच्या यंत्राला जसाच्या तसा लावू नये. दुसरी : धान्य, वेतन, हजेरी, प्रवेश यांपैकी कुठेही अंगठा हा एकमेव दरवाजा नसावा, आणि दुसरा दरवाजा कागदावर नव्हे, तिथे त्या क्षणी उघडा असावा. तिसरी : ज्या पडद्यावर अंगठा मागितला जातो, त्यावर तो कशासाठी, किती रकमेसाठी आणि किती काळासाठी, हे मराठीत, ठळक अक्षरांत, आधी यावे, वाचता न येणाऱ्यासाठी ते ऐकवले जावे. ही तिसरी मागणी माझी नाहीच. ती १८७९ च्या कायद्याच्या पोटात पडून आहे.

२२/
आपल्या भाषेत न शिकलेल्या माणसाला 'अंगठेबहाद्दर' म्हणून हिणवले गेले. सही करता येणे ही पिढ्यान्पिढ्यांची आकांक्षा होती. रात्रशाळेत जाऊन स्वतःचे नाव लिहायला शिकलेल्या आजीला त्या पाच अक्षरांचा अभिमान का वाटे, हे आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिले आहे. सही म्हणजे मी वाचले, मला समजले, आणि मी होकार दिला. आता पदवीधर, द्विपदवीधर, आपण सगळेच, न वाचता, न समजता, दिवसातून पन्नास वेळा अंगठा टेकवतो. तंत्रज्ञानाने आपल्याला पुढे नेले असेल, पण कागदाच्या या बाजूला आपण पुन्हा अंगठेबहाद्दर झालो आहोत. आधी मजकूर, मग अंगठा. आणि मजकूर पटला नाही, तर अंगठा दाखवण्याचा जुना मराठी अर्थही विसरू नये.

(धागा समाप्त)